चुन्याची निवळी

“बाई, छबूनं टेबलावरचं पानी पिलं.”

चौथीतली सुलोचना हे सांगत आली तेव्हा मी खुर्चीवर उभी राहून फळ्याच्या वर तक्ता टांगत होते. दोरी दातांत धरलेली होती, त्यामुळे मी नुसतंच ‘हूं’ केलं. तहान लागली असेल, प्याली असेल, त्यात सांगण्यासारखं काय? मग टेबल हा शब्द डोक्यात शिरला आणि मी वळून पाहिलं.

छबू नरळे तिसरीत होती. वय आठ वर्षं, अंगानं काटकुळी, दोन्ही वेण्या लाल रिबिनीनं कानांवर बांधलेल्या. टेबलाशी उभी राहून तिनं परकराच्या टोकाला तोंड पुसलं आणि हातातला स्टीलचा पेला खाली ठेवला. पेला अर्धा रिकामा होता. मी खुर्चीवरून उतरले की पडले ते मला आता आठवत नाही, पण गुडघ्यावरची खूण अजून आहे.

टेबलावर सलाइनच्या काचेच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या, आरोग्य केंद्रातून मागून आणलेल्या. रिकाम्या म्हणजे सलाइनच्या नावानं रिकाम्या. एकीत मी तयार केलेली चुन्याची निवळी होती आणि दुसरीत बाबर गुरुजींनी साबणासाठी पाण्यात कालवलेला कॉस्टिक सोडा. दोन्ही बाटल्या सारख्या, दोन्हींतलं पाणी सारखंच स्वच्छ. त्या सकाळी कुठल्या बाटलीत काय आहे हे शाळेत एकालाही ठाऊक नव्हतं.

हे असं कसं झालं ते सांगते. १९९३ सालचा विज्ञान दिन होता. माणदेशातल्या टेंभूरवाडीच्या दोनशिक्षकी शाळेत मी तात्पुरत्या नेमणुकीवर होते, वय तेवीस, डी.एड.ची शाई अजून वाळायची होती. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी मुळीक साहेब नऊ वाजता आमचं बालविज्ञान प्रदर्शन पाहायला यायचे होते. माझी नेमणूक पुढं चालू राहायची की एप्रिलात गाशा गुंडाळायचा, हे त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होतं. म्हणून पंधरा दिवस मी मुलांना नुसतं पिदडलं होतं. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवणं, हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून तो लाल करणं, आणि माझा सगळ्यात आवडता प्रयोग, निवळीत फुंकर मारणं. भट्टीवरून आणलेला चुना पाण्यात विरवायचा, रात्रभर तळाशी बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. मग त्यात नळी घालून फुंकायचं. आपल्या श्वासातल्या वायूनं ते पाणी दुधासारखं होतं. नळ्या विकत कोण देणार? पपईच्या पानांचे पोकळ देठ वाळवून आम्ही नळ्या केल्या होत्या. निवळी बावीस मुलांना पुरावी म्हणून मी तिच्यात उकळून गार केलेलं दहापट पाणी घातलं होतं.

गुरुजींना माझ्या फुंकरीचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव कार्यानुभवात. तीस वर्षं ते मुलांसमोर साबण करून दाखवत आले होते आणि साहेबांसाठीही त्यांनी तोच बेत धरला होता. आदल्या संध्याकाळी मी दोन्ही बाटल्यांवर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या लिहून खळीनं चिकटवल्या आणि घरी गेले.

रात्रीतून त्या खळीला मुंग्या लागल्या. आमच्याच इमारतीत अंगणवाडी भरायची. तिथली मदतनीस येसाबाई पहाटे झाडायला आली आणि साहेब येणार म्हणून तिनं दोन्ही बाटल्यांच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या, राखेनं घासून बाटल्या लख्ख केल्या आणि टेबलावर शेजारीशेजारी मांडून ठेवल्या. मी आल्यावर तिनं मला हे अभिमानानं दाखवलंसुद्धा. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. मी कपाळाला हात लावून सगळ्या मुलांसमोर म्हणाले, “आता यातली निवळी कुठली आणि सोडा कुठला, कसं कळायचं गं बाई?”

म्हणाले आणि तक्ता टांगायला खुर्चीवर चढले. बाटल्या तेव्हाच कपाटात ठेवून कुलूप घालायला हवं होतं, हे सांगायला आज कुणी तज्ज्ञ नको. पण आठ वाजून गेले होते, तक्ता व्हायचा होता, रांगोळी व्हायची होती, आणि मला वाटलं, बघू दहा मिनिटांनी.

त्या दहा मिनिटांत छबूनं पेला भरून घेतला होता.

मी तिचे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, काय प्यालीस? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “निवळी. चुन्याची हाय ती, बाई.”

“कशावरून?”

ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी राहिली. मला तिचं खरं वाटलं नाही. चूक झालेलं मूल दोन्हींतलं जे कमी वाईट तेच सांगणार, असं मी मनाशी म्हटलं. तोंड उघड म्हटलं तर तिनं उघडलं. जीभ लालभडक, ठिकठिकाणी सोललेली.  मग सुलोचना म्हणाली की आठ दिवस सगळ्याच पोरी चिंचा खातायत, सगळ्यांच्याच जिभा तशा झाल्यात. तिनं आपली काढून दाखवली, खरंच तशीच होती. म्हणजे जिभेवरूनही काही कळायला मार्ग नव्हता.

एवढ्यात गुरुजी आले. छप्पन्न वर्षांचे, टोपी कधी तिरकी न होणारे बाबर गुरुजी. मी काय झालं ते सांगितलं तर मटकन बाकावर बसले. मग उठले आणि येसाबाईला मिठाचं पाणी आणायला सांगू लागले, पोरीला ओकारी काढू म्हणाले. मी त्यांना अडवलं. जाळणारं काही पोटात गेलं असेल तर ओकारी काढू नये, वर येताना ते घसा पुन्हा जाळतं, असं डी.एड.ला एका डॉक्टरांनी सांगितल्याचं मला आठवत होतं. बरोबर आठवतंय की चूक, याची खात्री नव्हती. तरी अडवलं. तेवीस वर्षांच्या पोरीनं तीस वर्षांच्या नोकरीला अडवलं आणि गुरुजींनी ऐकलं, यावरूनच ते किती घाबरले होते ते समजावं.

“दुखतंय का?” मी छबूला विचारत राहिले. ती मान हलवून नाही म्हणायची. पण भ्यालेलं मूल दुखत असलं तरी नाहीच म्हणतं. मी तिच्या घशाला हात लावून पाहिला, कपाळाला लावून पाहिला. माझाच हात इतका गार पडला होता की मला तिचं अंग तापलेलं वाटलं.

मग मला हळदीचा कागद सुचला. पंधरा दिवस जे शिकवलं ते आता उपयोगी पडेल म्हणून मी जवळजवळ धावतच पट्ट्यांचा डबा आणला. एक पट्टी पेल्यात बुडवली. पट्टी लाल झाली. दुसरी पट्टी दुसऱ्या, भरलेल्या बाटलीत बुडवली. तीही लाल झाली. चौथीतली दोन-तीन पोरं हळूच म्हणाली, दोन्ही लालच होणार की बाई, चुना बी लाल करतो आन् सोडा बी. मीच शिकवलं होतं ते. मुलांच्या लक्षात होतं आणि माझ्या लक्षात नव्हतं. 

गुरुजींनी पेल्यातला एक थेंब दोन बोटांत चोळून पाहिला. “बुळबुळीत लागतंय,” ते म्हणाले. “सोडाच असावा.” त्यांची बोटं घामानं ओली होती, काहीही चोळलं असतं तरी बुळबुळीत लागलं असतं. पण हे मला आज सुचतं. तेव्हा मी ते खरंच धरून चालले.

आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर होतं. एस.टी. अकरा वाजता. गावात एक फटफटी होती, ती बाजाराला गेलेली. येसाबाई छबूला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती आणि आपल्याच तोंडात मारून घेत होती. चिठ्ठी मी काढली, मी काढली, एवढं एकच तिचं चाललेलं. छबू तिच्या मांडीवरून माझ्याकडे टक लावून बघत होती.

गुरुजींनी मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. आवाज उतरवून ते जे बोलले ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता ते नाहीत, आणि माणूस वाईट नव्हता, म्हणून सांगते. ते म्हणाले, साहेब नऊला येतील, तासाभरात जातील. तोवर पोरीला येसाबाईबरोबर घरी धाडू. पोटात दुखत होतं म्हणून सोडली असं सांगू. चुन्याच्या भट्टीवरची पोर आहे, तिथं चुना, राख, काय काय पडलेलं असतं, घरी गेल्यावर तिनं काय तोंडात घातलं कुणाला माहीत?

“दोन वर्षं राहिलीत माझी, बाई,” ते म्हणाले. “आणि तुमची तर अजून सुरुवात आहे.”

मी लगेच नाही म्हणाले असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी गप्प उभी राहिले. सगळा हिशेब मनात होऊन गेला. घरी काय सांगायचं, गावात काय तोंड दाखवायचं, आईनं माझ्या नोकरीचे पेढे कुणाकुणाला वाटले होते. मोजून पाच-सात श्वास मी तिथं उभी होते आणि त्या प्रत्येक श्वासात मी त्या पोरीला घरी धाडत होते.

तेवढ्यात माळावर जीपची धूळ दिसली. साहेब अर्धा तास आधीच आले होते.

मी व्हरांड्यातून उडी मारली आणि रस्त्यावर आडवी जाऊन उभी राहिले. साहेबांच्या स्वागताला हार घेऊन उभ्या केलेल्या दोन मुली माझ्यामागून धावत आल्या. त्यांना वाटलं, हार रस्त्यातच घालायचा आहे. जीप करकचून थांबली. मुळीक साहेब उतरले, आडव्या अंगाचे, तोंडात सुपारी, कपाळावर कायमची आठी. मी एका दमात सगळं सांगितलं. बाटल्या, चिठ्ठ्या, पेला, आणि बाटल्या उघड्यावर मी ठेवल्या हेही. हार घालायला हात वर केलेली मुलगी तशीच उभी होती.

साहेबांनी सुपारी थुंकली. मला वाटलं, आता तोफ सुटणार. ते एवढंच म्हणाले, “पोरीला आणा. बसा जीपमध्ये.” आणि चार पावलं चालल्यावर वळून म्हणाले, “डॉक्टर पहिलं विचारणार, काय प्याली? काय सांगायचं?”

मी त्यांना शाळेत टेबलाशी नेलं.  आम्ही तिघं शिकलीसवरलेली माणसं त्या टेबलाभोवती उभी राहून पेल्याकडे बघत होतो.

छबू येसाबाईच्या मांडीवरून उतरली. आमच्यामधून वाट काढत टेबलाशी आली, डब्यातला पपईचा एक देठ उचलला आणि पेल्यात घातला. गुरुजी ओरडले, अगं पिऊ नको. साहेबही पुढं झाले. मी तिचं मनगट धरलं. तिनं नळी तोंडात धरूनच माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यात उशिरा का होईना उजेड पडला. मी मनगट सोडलं.

ती फुंकू लागली. पेल्यात बुडबुडे उठले. सगळी शाळा टेबलाभोवती गोळा झाली होती. साहेबांनी पेल्यातलं नीट दिसेना म्हणून काचेचा ग्लास मागितला, येसाबाईनं आपल्या चहाचा आणून दिला, आणि छबूनं पाणी त्यात ओतून पुन्हा फुंकायला सुरुवात केली. अर्ध्या मिनिटात पाणी गढुळलं. मग त्यात पांढरी झाक आली. मग पातळ ताकासारखं झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“म्हणजे चुनाच,” साहेब म्हणाले.

मी जमिनीवर बसले. साडी, रांगोळी, साहेब, कशाचंही भान न ठेवता बसले आणि मला रडू आलं. गुरुजींनी टोपी काढून घाम पुसला. सोड्यात कितीही फुंकलं तरी असं पांढरं होत नाही, हे ते साहेबांना समजावून सांगू लागले, जणू त्यांना ते आधीपासून माहीत होतं.

पण छबू थांबली नाही. गाल फुगवून फुंकतच राहिली. मी बास म्हटलं, तिनं मान हलवली. नाकानं श्वास घ्यायची, तोंडानं फुंकायची, आणि नजर माझ्यावर. मला वाटलं, पोरीला भीतीनं काही झालं. दोन मिनिटं गेली, चार गेली. तिच्या कपाळाच्या शिरा ताठ झाल्या. आणि ग्लासातली पांढरी झाक हळूहळू विरू लागली. शेवटी ग्लासाच्या तळाशी टेबलावर आखलेली शाईची रेघ स्पष्ट दिसायला लागली. पाणी होतं तसं नितळ झालं.

तिनं नळी काढली. “बगा,” ती म्हणाली. एवढंच.

साहेबांनी ग्लास उचलून उजेडात धरला आणि विचारलं, हे काय? गुरुजींचा चेहरा पुन्हा पडला. चुना असता तर पांढराच राहिला असता, ते म्हणाले. मग हा सोडाच तर नाही? की दोन्ही एकमेकांत मिसळलं? येसाबाईनं पुन्हा रडायला सुरुवात केली. साहेबांनी मला विचारलं, “बाई, तुमचा प्रयोग आहे. असं होतं का?”

आता इथं मला एक गोष्ट सांगायलाच हवी. इतका वेळ मी ती टाळत आले.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही साहेबांसमोरच्या कार्यक्रमाची तालीम केली होती. सगळ्यांचे ग्लास पांढरे झाले. छबू आपला ग्लास घेऊन आली तर आत नितळ पाणी. ती म्हणाली, पांढरं झालं होतं, आणखी फुंकलं तर गेलं. माझ्या पुस्तकात असं काही नव्हतं. निवळी सांडली असेल आणि ओरडा बसेल म्हणून हिनं माठातलं पाणी भरून आणलं, असं मी ठरवूनच टाकलं. ती पुन्हा पुन्हा तेच सांगू लागली तसा माझा पारा चढला. सगळ्या वर्गासमोर मी तिला म्हणाले, “खोटं बोलणाऱ्यांना विज्ञान येत नाही.” आणि शाळा सुटेपर्यंत तिला दारात उभं केलं. ज्या चुन्याची निवळी केली तो चुना तिनंच बापाच्या भट्टीवरून फडक्यात बांधून आणला होता, हेही मला तेव्हा आठवलं नाही.

साहेब उत्तराची वाट बघत होते. मी म्हणाले, “मला माहीत नाही साहेब. पण काल हिनं मला हेच सांगितलं होतं, आणि मी हिला खोटारडी म्हटलं.”

साहेबांनी ग्लास टेबलावर ठेवला. मग म्हणाले, चला.

जीपमध्ये छबू माझ्या मांडीवर होती. तो नऊ किलोमीटरचा रस्ता मी जन्मात विसरणार नाही. तिनं आवंढा गिळला की माझा जीव वर यायचा, डोळे मिटले की खाली जायचा. मनात एकच चाललेलं. पांढरं झालं म्हणजे चुना. मग गेलं कुठं? वाटेत भट्टी लागली. तिथं जीप थांबवून साहेबांनी तिच्या बापाला बोलावलं. ज्ञानू नरळे अंगभर पांढऱ्या धुळीनं माखलेला, फक्त डोळे काळे. साहेबांनीच त्याला थोडक्यात सांगितलं. 

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि लेकीकडे वळून विचारलं, “तू काय म्हनलीस ह्यांना?”

“चुन्याची म्हनलं.”

“मग चुन्याचीच असंल,” तो आम्हाला म्हणाला. भट्टीवरची पोरं जिभेनं चुना ओळखतात, दगड नीट भाजला की नाही हे त्याचा बाप आणि तोही जीभ टेकवूनच बघत आले, असं त्यानं सांगितलं. तरी तो जीपमध्ये बसला. रस्ताभर त्यानं लेकीचा पाय हातात धरून ठेवला होता.

आरोग्य केंद्रातले डॉक्टर माझ्याच वयाचे होते. त्यांनी बॅटरी मारून तिचा घसा पाहिला, ओठांच्या आतून पाहिलं, पाणी पाजून गिळायला लावलं. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाणी पांढरं होऊन पुन्हा नितळ झालं, हेही. ते हसले. ते म्हणाले, बरोबर आहे, फुंकत राहिलं की झालेला पांढरा चुना पाण्यात पुन्हा विरघळतो, निवळी पातळ असली तर लवकरच. बारावीच्या पुस्तकात होतं. कॉस्टिक प्याली असती तर एव्हाना गिळता आलं नसतं. दुपारपर्यंत इथं बसवा आणि मग घरी न्या.

साहेब बाहेर गेले आणि ज्ञानूला घेऊन समोरच्या टपरीवर चहाला बसले. मी छबूला घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. कुणीतरी तिला बिस्किटांचा पुडा दिला होता, तो ती पुरवून पुरवून खात होती. पाय हलवत होती. मी तिला म्हणाले की काल तू खरं बोलत होतीस, माझं चुकलं, उद्या मी सगळ्या वर्गासमोर तसं सांगणार आहे. तिनं बरं म्हटलं. फार काही वाटल्यासारखं दिसलं नाही.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट सलत होती. मी विचारलं, “छबू, तुला जिभेनं चुना कळतो ना? मग बोटावर एक थेंब घेऊन चाखायचा. अर्धा पेला कशाला प्यालीस?”

“चाखला हुता की,” ती म्हणाली. “आदी थेंबच चाखला. तवाच कळलं, चुन्याची हाय म्हनून.”

“मग?”

तिनं तोंडातलं बिस्कीट गिळलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मोठ्या माणसाला एखादी गोष्ट कशी कळत नाही, याचं थोडं नवल होतं.

“मग नुसतं सांगून तुमाला खरं वाटलं असतं व्हय, बाई?”

 तिनं पुड्यातलं एक बिस्कीट माझ्यापुढे धरलं.

“नसतं वाटलं,” मी म्हणाले.